सोलापूरकरणीचा जपानी उन्हाळा

2024 च्या एप्रिल महिन्यात मी जपानमधील सैतामा प्रांताच्या उत्तर भागात एका सरकारी माध्यमिक शाळेत इंग्रजीची सहायक शिक्षिका म्हणून रुजू झाले. पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत सर्वांशी ओळख झाल्यावर उपमुख्याध्यापकांनी मला जी सूचना केली, ती ना अभ्यासक्रमाविषयी होती ना शिस्तीविषयी. ती उन्हाळ्याविषयी होती. आमच्या स्थानकावरून आगगाडीत बसले की थोड्याच वेळात कुमागाया येते, आणि या कुमागायाने 23 जुलै 2018 रोजी 41.1 अंश सेल्सिअस तापमान नोंदवून साऱ्या देशाचा उच्चांक मोडला होता. टोकियोच्या काँक्रीटवरून तापून येणारा वारा आणि पश्चिमेचे डोंगर उतरताना तापत जाणारा वारा या दोहोंची गाठ नेमकी आमच्या सपाट प्रदेशात पडते, हे त्यांनी एका कागदावर बाण काढून मला समजावले. मी माना डोलावल्या, पण मनातून मला हसू येत होते. मी सोलापूरची. पारा 42 वर गेला तर आमच्याकडे कोणी त्याची दखलही घेत नाही. मोडक्यातोडक्या जपानीत मी हे बोलूनही दाखवले आणि सगळ्या खोलीने कौतुकाने 'एऽऽ' असा लांबलचक उद्गार काढला. ही फुशारकी मला तीन महिन्यांनी महागात पडणार होती.

माझ्या नोकरीचे स्वरूप आधी सांगायला हवे. जपानी शाळांत इंग्रजीसाठी परदेशी माणसे नेमली जातात, ती निरनिराळ्या मार्गांनी. 1987 मध्ये सुरू झालेली 'जेट' ही सरकारी योजना सर्वांत परिचित आहे. कित्येक जण खासगी कंपन्यांमार्फत येतात. मला मात्र शहराच्या शिक्षण मंडळाने थेट कराराने घेतले होते. एरवी या तिघांचे काम सारखेच असते, कारण वर्गात मुख्य शिक्षक जपानी असतो आणि आम्ही त्याच्या शेजारी उभे राहून उच्चार, संभाषण आणि खेळ यांची बाजू सांभाळतो. फरक कळतो तो उन्हाळ्यात. कंपनीमार्फत आलेल्या माझ्या एका फिलिपिनो मैत्रिणीला ऑगस्टमध्ये शाळेत जावे लागत नव्हते, पण त्या महिन्याचा पगारही तिच्या हाती निम्माच पडत होता. मला पगार पूर्ण होता आणि म्हणून हजेरीही पूर्ण होती.

आपल्याकडे आधी ऊन तापते, मग पाऊस येतो आणि जिवाची काहिली थांबते. जपानमध्ये हा क्रम उलटा आहे, आणि मला वाटते, तिथला उन्हाळा परक्या माणसाला जड जातो त्याचे मुख्य कारण हेच. आधी 'त्सुयू' नावाचा पावसाळा येतो. हा शब्द ज्या दोन चित्राक्षरांनी लिहितात त्यांचा अर्थ 'उमेचा पाऊस' असा आहे, कारण उमे नावाचे आंबट फळ त्याच सुमारास पिकते. त्या वर्षी तो आमच्या भागात उशिरा, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाला. मृगाच्या सरींसारखा तो कोसळत नाही. दिवसभर नुसता भुरभुरत राहतो, आणि घरातील प्रत्येक वस्तू हळूहळू दमट होत जाते. आईने मोठ्या हौसेने दिलेल्या कोल्हापुरी चपला मी भिंतीतील कपाटात ठेवल्या होत्या. जूनअखेर बाहेर काढल्या, तेव्हा त्यांच्यावर हिरवट-पांढऱ्या बुरशीचा इतका मऊ थर चढला होता की क्षणभर मला तो कोणी ठेवलेला कापूस वाटला. शेजारच्या आजींनी तो प्रकार पाहिला आणि दुसऱ्या दिवशी पाणी शोषून घेणारे तीन डबे माझ्या दाराशी आणून ठेवले. दीड महिन्यात त्या डब्यांत जमलेले पाणी मी मोरीत ओतले, तेव्हा ते जवळजवळ तांब्याभर निघाले.

माझी फुशारकी उतरली ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात, त्सुयू अजून संपायचा होता तेव्हा. पावसाने दोन दिवस उघडीप दिली होती आणि हवेचे तापमान 36 च्या आसपास होते. छत्तीस म्हणजे सोलापुरात फाल्गुनातील दुपार, असा हिशेब करून मी घरून शाळेपर्यंत पंचवीस मिनिटे सायकल मारली, पहिल्या तासाला दुसऱ्या मजल्यावर शिकवले आणि नंतर मैदानावर मुलींचा टेनिसचा सराव पाहत उभी राहिले. पाण्याची बाटली टेबलावरच राहिली होती. मला आठवते ते एवढेच, की घाम धो धो वाहत होता पण अंगाला गारवा कसा तो लागत नव्हता, आणि मग चेंडूचा आवाज फार दुरून येऊ लागला. मला दोन मुलींनी धरून आरोग्य-खोलीत नेले. तिथल्या शिक्षिकेने काहीही न विचारता माझे मोजे काढले, बर्फाच्या पिशव्या टॉवेलात गुंडाळून मानेखाली आणि दोन्ही काखांत ठेवल्या, मीठ-साखरेचे पाणी घोट घोट पाजले आणि शेवटी एक खारट गोळी चघळायला दिली. मग तिने भिंतीवरील एक छोटे यंत्र काढून माझ्यासमोर धरले. त्यावर आकडा होता 31.

त्या आकड्याचा अर्थ तिने मला पडल्या पडल्या समजावला आणि मला वाटते, जपानी उन्हाळ्याविषयी मी जे काही शिकले ते त्या दहा मिनिटांत शिकले. तो आकडा तापमानाचा नसून उष्णता-निर्देशांकाचा असतो. त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाच्या आकड्याला 70 टक्के वजन असते, ऊन शोषणाऱ्या काळ्या गोळ्यातील तापमापकाला 20 टक्के, आणि ज्या नुसत्या हवेच्या तापमानावर आम्ही सोलापूरकर मिशीला पीळ देतो त्याला उरलेले 10 टक्के. हवा दमट असली की घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर शरीर निवत नाही, इतके साधे हे गणित आहे. हा निर्देशांक 31 झाला की मैदानावरील खेळ थांबवायचे, आणि 33 होण्याचा अंदाज असला की सरकार उष्माघाताचा जाहीर इशारा देते. आमच्या कोरड्या उन्हात चिंचेच्या झाडाखाली बसले की जीव थाऱ्यावर येतो. इथे झाडाखाली बसले तरी हवा तीच ओली गोधडी अंगावर टाकते. "तुमच्या गावचे ऊन वेगळे असेल, पण शरीर तर तेच घेऊन आला आहात ना," असे ती हसत म्हणाली. त्या दिवसापासून मानेला गार टॉवेल, हातात छत्री आणि पिशवीत थंडगार जवाच्या चहाची बाटली हा माझाही गणवेश झाला.

पहिले सत्र 19 जुलैला संपले. समारोप दरवर्षी व्यायामशाळेत होत असे, पण तिथे वातानुकूलन नसल्याने मुख्याध्यापकांचे भाषण मुलांनी आपापल्या वर्गात पडद्यावर ऐकले. मुले घरी गेली ती गृहपाठाचे ओझे घेऊन, कारण जपानमधील उन्हाळ्याची सुट्टी शैक्षणिक वर्षाच्या मधोमध येते आणि अभ्यास तुटू द्यायचा नसतो. ज्या प्राथमिक शाळेत मी आठवड्यातून एकदा जात असे, तिथे पहिलीची चिमुरडी मुले आपण लावलेल्या नीलपुष्पी वेलीची कुंडी दोन्ही हातांनी छातीशी धरून घरी निघाली होती. वेलीला रोज किती फुले येतात याची नोंद त्यांना ठेवायची होती. दुसऱ्या दिवशी शनिवार होता आणि कुमागायाचा उचिवा उत्सव सुरू झाला. पंख्यांच्या नावाचा हा उत्सव तीन दिवस चालतो. रस्त्यावर उंच रथ समोरासमोर आणून झांजा आणि ढोल यांची जुगलबंदी होते. सोलापूरच्या लेझीमची आठवण येऊन माझे पाय हलू लागले, पण घाम पुसण्यातच हात गुंतले होते.

सुट्टीतील शिक्षक-खोली ही एक वेगळीच जागा असते. वातानुकूलन 28 अंशांवर ठेवलेले, निम्म्या खुर्च्या रिकाम्या, खिडकीबाहेर रातकिड्यांना लाजवील असा सेमीचा, म्हणजे झाडांवरील किड्यांचा, दिवसाढवळ्या चाललेला कल्लोळ, आणि तळमजल्यावरून वाद्यवृंदाच्या मुलांनी घोटून घोटून वाजवलेली एकच ओळ. शिक्षक सकाळी येतात, कोणी बेसबॉलच्या सरावाला जातात, कोणी पालकांना भेटतात, आणि घरी जाताना 'तुमच्या आधी निघते, क्षमा असावी' असे सगळ्या खोलीला म्हणून जातात. पहिले चार दिवस मी पुढच्या सत्राची चित्रपत्रके कापत बसले. मग मला खरे काम मिळाले.

सप्टेंबरमध्ये शहरातील माध्यमिक शाळांची इंग्रजी वक्तृत्व स्पर्धा होती आणि आमच्या शाळेतर्फे तिसऱ्या वर्षाची एक मुलगी बोलणार होती. रोज सकाळी नऊ ते साडेदहा तिचा सराव घेण्याचे काम माझ्याकडे आले. तिचे आजोबा शेजारच्या फुकाया भागात नेगी, म्हणजे लांब पांढऱ्या दांड्याची कांद्याची पात, पिकवतात. फुकाया या पातीसाठी प्रसिद्ध आहे, आणि त्या जुलैत निघालेल्या दहा हजार येनच्या नव्या नोटेवर ज्यांचे चित्र आले ते शिबुसावा एइइची हे उद्योगपतीही मूळचे तिथलेच, हे तिने मला नवी नोट दाखवून अभिमानाने सांगितले होते. भाषणाचा विषय आजोबाच होता. पहिलेच वाक्य असे होते की वातानुकूलन यंत्र अशक्त माणसांसाठी असते, असे माझ्या आजोबांचे मत आहे. मी हसले. ती हसली नाही. गेल्या उन्हाळ्यात आजोबा शेतात कोसळले होते आणि शेजाऱ्याच्या नजरेस पडले म्हणून वाचले, हे पुढच्या परिच्छेदात होते. मीही हसणे आवरले. आरोग्य-खोलीतील ती खारट गोळी मला आठवली.

सरावाची सुरुवात आम्ही टाळ्यांनी केली. इंग्रजीत आजोबांसाठी जो 'ग्रँडफादर' शब्द आहे त्याला तीन टाळ्या पुरतात. तिने मात्र आठ वाजवल्या, कारण जपानीत व्यंजनानंतर स्वर लागतोच आणि दीर्घ स्वराचीही वेगळी मात्रा मोजतात: गु, रा, न्, दो, फा, आ, झा, आ. ही तिची चूक नव्हती. तिच्या कानाला तो शब्द खरोखरच आठ मात्रांचा ऐकू येत होता. आठाचे तीन करायला आम्हाला चार दिवस लागले. टाळ्या वाजवताना तिचे खांदे जवळ येत आणि भुवया चढत, जणू मधले स्वर ती दातांखाली दाबून धरत होती.

खरी पंचाईत पुढे झाली. 'व्हेरी' या शब्दाला ती 'बेरी' म्हणत असे, आणि मी तिला वरचेवर म्हणून दाखवत असे. सहाव्या दिवशी तिने पाठ्यपुस्तकाची ध्वनिफीत लावली, ती संपल्यावर लगेच माझ्याकडून तोच शब्द म्हणवून घेतला, आणि अत्यंत नम्रपणे विचारले, "सेन्सेई, यांतला बरोबर कोणता?" मी चटकन उत्तर देऊ शकले नाही. तिच्याजवळ ओठांची हालचाल पाहण्यासाठी छोटा आरसा होता. मी तो घेतला आणि आयुष्यात प्रथमच स्वतःच्या तोंडाकडे पाहत तो शब्द उच्चारला. माझा खालचा ओठ वरच्या दातांना जेमतेम शिवत होता. आपण मराठीत 'व्ह' लिहितो आणि तसाच उच्चारतो, म्हणजे 'व' ला थोडा 'ह' चिकटवतो. सोळा वर्षे इंग्रजी शिकून, पाच वर्षे शिकवून मला त्याचा पत्ता नव्हता. 'थिंक' मध्येही तिचा 'सिंक' होत असे आणि माझा आपला मराठी थाळीतला 'थ'. माझाही उच्चार मूळ भाषिकांसारखा नाही, तो भारतीय आहे आणि जगभर समजतो, असे मी तिला सांगितले. तरीही या एका ध्वनीपुरते आपण दोघींनी शिकायचे, असे आम्ही ठरवले. त्यानंतर रोज सकाळी पाच मिनिटे आम्ही एकाच आरशात आळीपाळीने पाहून ओठ चावत बसू लागलो. उपमुख्याध्यापक एकदा दारातून डोकावले आणि काही न बोलता परत गेले.

एक शब्द मात्र आम्हाला शेवटपर्यंत सापडला नाही. आजोबा जे करतात त्याला जपानीत 'गामान' म्हणतात. इंग्रजीत जो जो पर्याय सुचवावा तो एक तर शौर्याकडे झुकायचा, नाही तर केविलवाणा वाटायचा. मराठीत 'सोसणे' म्हटले असते तर भागले असते, पण परीक्षकांना मराठी येत नव्हते. शेवटी भाषणात 'गामान' हाच शब्द ठेवून तिने पुढे उदाहरण जोडले: आता आजोबांकडे यंत्र बसवले आहे, पण ते त्यांनी लावावे म्हणून नातीला रोज भेटायला जावे लागते, कारण पाहुणे आल्याशिवाय ते लावायचे नाही असा त्यांचा नियम आहे.

या दिवसांत माझी सकाळ साडेसहाला सुरू होत असे. कोपऱ्यावरील बागेत मुले गळ्यात कार्ड अडकवून रेडिओवरील व्यायामाला जमतात. 1928 पासून चालत आलेला हा प्रकार आहे. पियानोच्या तालावर तेरा हालचाली, जेमतेम तीन मिनिटांच्या. व्यायाम संपला की एक वृद्ध गृहस्थ घडीच्या खुर्चीवर बसून प्रत्येकाच्या कार्डावर शिक्का मारत. पहिल्या दिवशी मी मागे उभी राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मलाही कार्ड दिले आणि त्यावर जपानी लिपीत माझे नाव विचारून विचारून लिहिले. मी एक दिवस चुकवला, तर तो चौकोन त्यांनी रिकामाच ठेवला; शिक्क्यासाठी केलेली माझी विनवणी त्यांनी सपशेल फेटाळली.

1 ऑगस्टला दुपारनंतर मी टेबलाखाली फोन धरून पॅरिस ऑलिंपिकमधील नेमबाजीचे आकडे पाहत होते. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांना कांस्यपदक मिळाल्याचे दिसताच मी ओरडले आणि सगळी खोली माझ्याकडे वळली. कोल्हापूर सोलापूरहून किती लांब, असे भूगोलाच्या शिक्षकांनी विचारले. त्या चपला तिथल्याच, असे मी सांगितले, तेव्हा बुरशीची कथा ठाऊक असलेल्यांनी त्यांना लगेच ओळखले.

ऑगस्टच्या मध्याला ओबोन आला आणि शाळा काही दिवस बंद राहिली. पूर्वज या दिवसांत घरी येतात अशी श्रद्धा आहे. शेजारच्या आजींनी काकडीला आणि वांग्याला काड्यांचे चार-चार पाय लावून ओसरीवर मांडले होते. काकडीचा घोडा, तो पूर्वजांना लवकर आणतो. वांग्याची गाय, तिच्यावरून ते सावकाश परततात. आमच्याकडे भाद्रपदात कावळ्याची वाट पाहतात, एवढे मी सांगितल्यावर कावळ्याला काय वाढता, पाने कोणती, कोणाच्या नावाने, असे त्यांनी तासभर विचारले. 16 तारखेला पूर्वजांना निरोप द्यायचा होता, पण त्याच दिवशी चक्रीवादळ टोकियोच्या बाजूने सरकत होते आणि टोकियो ते नागोया शिंकान्सेन, म्हणजे अतिवेगवान आगगाडी, दिवसभर बंद होती. वादळात पूर्वज कसे जाणार, असे मी विचारले. गाय सावकाशच जाते, असे त्या म्हणाल्या.

महिनाअखेरीस दुकानांतून तांदूळ नाहीसा झाला. आधीच्या वर्षीच्या उष्णतेने पिकाची प्रत घसरली होती आणि भूकंपाच्या इशाऱ्यानंतर लोकांनी साठा केला, अशी कारणे सांगितली जात होती. मी टोकियोतील निशिकासाई येथे जाऊन भारतीय दुकानातून पोहे आणि तूरडाळ आणली आणि आजींना कांदेपोहे करून दिले. पोह्यांत त्यांच्या बागेतील शिसोची पाने पडली, कारण कोथिंबीर मिळाली नाही. चव वाईट नव्हती, पण ते पोहे नव्हते, एवढे नोंदवले पाहिजे.

30 ऑगस्टला सुट्टीतील शेवटचा सराव झाला. बाहेर दुसऱ्या वादळाचा पाऊस होता, तरी खोलीतील हवा दाट होती. भाषण पाच मिनिटांत बसले, 'ग्रँडफादर' तीन टाळ्यांत बसले आणि 'व्हेरी' दहापैकी सात वेळा बसले. माझे आठ वेळा. ती आरसा पिशवीत ठेवत असताना आईचा फोन आला. सोलापुरात पाऊस चांगला झाला आहे, हे सांगून तिने नेहमीप्रमाणे विचारले, "किती आहे गं तिकडे आज?"

मी सवयीने भिंतीवरील यंत्राकडे पाहिले. "एकतीस."

"एकतीस?" आई म्हणाली. "अगं, मग पंखा तरी कशाला लावतेस?"